शिकागोचं मैदान: एका विद्यापीठाने फुटबॉल का सोडला

एखादा जुना मराठी शब्द अडला की आपल्यातले बरेचजण मोल्सवर्थचा १८५७ सालचा कोश संगणकावर उघडतात. तो कोश सर्वांसाठी ऑनलाइन खुला केला शिकागो विद्यापीठाने. याच विद्यापीठाच्या रेगेन्स्टाइन ग्रंथालयात दक्षिण आशियातल्या पुस्तकांचा मोठा संग्रह आहे, त्यात मराठी पुस्तकंही आहेत. हे ग्रंथालय ज्या जागेवर उभं आहे, तिथे पूर्वी फुटबॉलचं मैदान होतं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल: लांबट चेंडू काखोटीला मारून पळायचं आणि प्रतिपक्षाने धरून आडवं पाडायचं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची घडण समजून घ्यायची तर या एका मैदानाची हकिगत पुरेशी आहे, असं मला वाटतं.

रॉकफेलर यांच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाचे वर्ग ऑक्टोबर १८९२ मध्ये सुरू झाले. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे हिब्रूचे गाढे अभ्यासक. येल विद्यापीठात शिकवत असताना त्यांच्या हाताखाली अमोस अलोन्झो स्टॅग शिकले होते. देशभरातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंचा ‘ऑल-अमेरिका’ संघ १८८९ मध्ये पहिल्यांदा निवडला गेला, त्यात स्टॅग यांचं नाव होतं. हार्परनी त्यांना बोलावून घेतलं, वर्षाला २,५०० डॉलर पगार दिला, असोसिएट प्रोफेसरचं पद आणि कायमची नोकरीही दिली. खेळाच्या प्रशिक्षकाला प्राध्यापकांच्या पंक्तीत बसवणं तेव्हा अजिबात रूढ नव्हतं. पण हार्पर यांचा हिशेब पक्का होता. नव्या विद्यापीठाला ना माजी विद्यार्थी, ना परंपरा. शहराने त्याला आपलं म्हणावं तर लोकांना दर शनिवारी तिथे यायला काही निमित्त हवं होतं. पहिल्या मोसमात माणसं पुरेनात, तेव्हा स्टॅग स्वतःच खेळायला उतरले. मैदानासाठी जागा दिली शहरातले बडे व्यापारी मार्शल फील्ड यांनी. सुरुवातीला त्यांचंच नाव असलेलं हे मैदान पुढे ‘स्टॅग फील्ड’ झालं.

१८९६ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून कॉलेज खेळांसाठी एक संघटना काढली. तीच आजची बलाढ्य ‘बिग टेन’. शिकागो तिचं संस्थापक सभासद. तिची एकूण सात विजेतेपदं शिकागोने मिळवली, पण या सगळ्या काळातला एकच सामना निवडायचा तर तो ३० नोव्हेंबर १९०५ चा.

समोर मिशिगन विद्यापीठ होतं. १९०१ पासून सलग ५६ सामन्यांत ते हरले नव्हते. त्या मोसमात त्यांनी ४९५ गुण केले होते आणि प्रतिपक्षाला एकही दिला नव्हता. सामन्यात बराच वेळ दोन्हीकडे शून्य. मग शिकागोच्या वॉल्टर एकरसॉलने लांब किक मारली. मिशिगनच्या खेळाडूने चेंडू आपल्याच गोलरेषेमागे पकडला आणि तो घेऊन बाहेर पळायला लागला. शिकागोच्या खेळाडूंनी त्याला गाठून पुन्हा रेषेमागे लोटलं आणि पाडलं. चेंडूवाला आपल्याच गोलरेषेमागे पडला की समोरच्या संघाला दोन गुण मिळतात. निकाल २-०. पाच वर्षांची अजिंक्य मालिका तिथे थांबली. हार्पर तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळले होते. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत ते गेले. जे साधायला त्यांनी स्टॅगना आणलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत साधलं, याचं मला समाधान वाटतं.

त्याच वर्षी या खेळातल्या मृत्यूंवरून देशभर काहूर उठलं होतं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातलं, नियम बदलले आणि १९०६ पासून चेंडू पुढे फेकायला मुभा मिळाली. खेळ मोकळा झाला, गर्दी वाढत गेली. शिकागोने १९२४ मध्ये शेवटचं विजेतेपद मिळवलं.

उतरणीचं कारण मैदानाबाहेर होतं. शेजारच्या सरकारी विद्यापीठांत विद्यार्थी वाढले, प्रचंड स्टेडियम झाली, खेळाडूंना झेपतील असे शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक्रम निघाले. शिकागोत तसं काही नव्हतं. १९२९ मध्ये अवघ्या तिशीतले रॉबर्ट हचिन्स अध्यक्ष झाले आणि त्यांनी अभ्यासक्रम आणखी कडक केला. ४१ मोसम संघ सांभाळलेल्या स्टॅगना सत्तरीच्या नियमावर बोट ठेवून निवृत्त केलं गेलं. ते दुसऱ्या कॉलेजात जाऊन शिकवत राहिले आणि १०२ वर्षं जगले.

याच पडत्या काळात तिथे जे बर्वँगर नावाचा खेळाडू होता. १९३४ मध्ये त्याला पाडायला गेलेल्या मिशिगनच्या एका खेळाडूच्या डोळ्याखाली जखम झाली आणि तिचा व्रण कायम राहिला. तो खेळाडू म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेराल्ड फोर्ड. १९३५ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा नवाच करंडक निघाला, तो बर्वँगरला मिळाला. आज तो ‘हाइझमन ट्रॉफी’ म्हणून ओळखला जातो. १९३६ मध्ये व्यावसायिक संघांनी पहिल्यांदा खेळाडूंची निवडयादी केली, तीत पहिलं नाव त्याचंच होतं. तरी तो व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही.

तो गेल्यावर संघात राम उरला नाही. १९३९ चे आकडे वाचवत नाहीत: हार्वर्डकडून ६१-०, मिशिगनकडून ८५-०, ओहायो स्टेटकडून ६१-०. आठ सामन्यांत ३७ गुण केले आणि ३०८ दिले. दर शनिवारी हे ठाऊक असूनही ती मुलं गणवेश चढवून मैदानात उतरत होती. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. डिसेंबर १९३९ मध्ये विश्वस्तांनी फुटबॉल बंद केला. ८५-० मुळे बंद केला असं सर्रास सांगितलं जातं, मला ते पटत नाही. तिकिटाच्या पैशासाठी चाललेला खेळ विद्यापीठाला शोभत नाही, हे हचिन्स आधीच जाहीरपणे लिहीत होते. त्या पराभवांनी त्यांचं काम सोपं केलं, इतकंच. खेळाडूंना पैसे देऊन आणायचे किंवा खेळ सोडायचा, असे दोनच मार्ग त्यांना दिसले. तिसरा होता, तो दिसायला तीस वर्षं जायची होती.

शिकागोचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लार्क शॉनेसी स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि लगेच पुढच्या मोसमात त्यांचा संघ एकही सामना हरला नाही. म्हणजे दोष शिकवणाऱ्याचा नव्हताच.

रिकाम्या स्टेडियमच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षागृहाखाली रॅकेट्सचं (स्क्वॉशसारख्या एका खेळाचं) कोर्ट होतं. तिथे भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटांचे थर रचले. २ डिसेंबर १९४२ रोजी दुपारी ३ वाजून २५ मिनिटांनी अणू फुटण्याची माणसाने घडवलेली पहिली नियंत्रित साखळी प्रक्रिया तिथे सुरू झाली. शिकागो १९४६ मध्ये बिग टेनमधून बाहेर पडलं, १९५७ मध्ये स्टेडियम पाडलं, आणि १९७० मध्ये तिथे ग्रंथालय उघडलं.

खेळ मात्र पुरता गेला नव्हता. १९६३ मध्ये काही विद्यार्थ्यांनी फुटबॉल पुन्हा सुरू करायचं ठरवलं, तेव्हा विरोध दुसऱ्या विद्यार्थ्यांनीच केला. ते मैदानाच्या मध्यावर ठाण मांडून बसले. फुटबॉल परत आला की त्याच्यामागोमाग पैसाही येईल, ही त्यांची भीती खरी होती. १९६९ मध्ये अखेर विद्यापीठाचा अधिकृत संघ पुन्हा उभा राहिला, पण खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही या अटीवर. आज तो कॉलेज खेळांच्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो. मुलं वर्ग करून सरावाला येतात. नव्या मैदानालाही स्टॅग यांचंच नाव आहे.

बर्वँगरचा तो पहिला करंडक बरीच वर्षं त्याच्या एका नातलगाच्या घरी दार अडवायला ठेवलेला होता. आता तो विद्यापीठाच्या रॅटनर क्रीडाकेंद्रात आहे.