क्योतोत राहायचं कुठे? पूल, कालवा आणि स्टेशन

क्योतोला जायचं ठरलं की पहिला प्रश्न मुक्कामाचा. स्टेशनजवळ राहावं, कामो नदीकाठी, की गिओनच्या गल्ल्यांत? नकाशावर ही अंतरं फारशी नाहीत. फरक आहे तो काळाचा: माणसं जिथे येऊन उतरली, तिथे त्यांच्या राहण्याची सोय झाली, आणि उतरण्याची जागा बदलत गेली.

शहर ७९४ मध्ये वसलं, चीनच्या चांगआन राजधानीच्या धर्तीवर, सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यांचं. ओनिन युद्धात (१४६७-७७) ते बेचिराख झालं. जपानवर सत्ता मिळवलेल्या तोयोतोमी हिदेयोशी या सेनानीने त्याची नव्याने मांडणी केली आणि १५९० मध्ये सान्जो इथे कामो नदीवर दगडी खांबांचा पूल बांधून घेतला. पुढे एदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, निघणारा तोकाइदो रस्ता ५३ टप्पे ओलांडून याच पुलाशी संपू लागला. सुमारे पाचशे किलोमीटर चालून आलेला माणूस पाठ टेकायला आणखी लांब कशाला जाईल? पुलाच्या आसपास सराया उभ्या राहिल्या. १६१४ पर्यंत सुमिनोकुरा र्‍योई या व्यापाऱ्याने जवळच ताकासे कालवा खणला, आणि दक्षिणेच्या फुशिमी बंदरातून तांदूळ, लाकूड, साके घेऊन सपाट तळाच्या होड्या थेट शहरात येऊ लागल्या. फुशिमीतही ओसाकाच्या होड्यांची वाट पाहणाऱ्यांसाठी सराया होत्याच.

परगावच्या माणसाला कुणी फारसं विचारत नाही अशा या जागा, त्यामुळे शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, विरोधातल्या सामुराईंच्या बैठकीही इथेच होत. १८६४ मध्ये सान्जोजवळच्या इकेदाया सराईवर शिन्सेनगुमी या शोगुनच्या बाजूच्या तुकडीने छापा घातला; १८६६ मध्ये फुशिमीच्या तेरादाया सराईत साकामोतो र्‍योमा हा शोगुनविरोधी सामुराई थोडक्यात बचावला. १८६४ च्याच उन्हाळ्यात झालेल्या लढाईत आग लागली आणि मध्यवस्तीचा मोठा भाग जळून गेला. तिथली आज दिसणारी बहुतेक लाकडी घरं, म्हणजे माचिया, त्यानंतरची आहेत. ‘शेकडो वर्षांचं घर’ अशी जाहिरात दिसली तर हे ध्यानात असू द्यावं. जुना असतो तो व्यवसाय: हिइरागिया हा र्‍योकान, म्हणजे पारंपरिक जपानी सराई, १८१८ पासून चालत आला आहे, आणि त्याचे दरही तसेच.

रेल्वे आली १८७७ मध्ये. स्टेशन झालं शहराच्या दक्षिण टोकाला, होंगान-जीच्या दोन विशाल मंदिरांच्या जवळ, आणि भाविकांच्या राहण्याची सोय त्या बाजूला वाढत गेली. १९६४ मध्ये शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आणि क्योतो टॉवर आले, पुढे मोठी हॉटेलं आली. सामान घेऊन रोज बाहेरगावी जायचं असेल तर इथेच राहावं. संध्याकाळी पायी भटकायचं असेल तर मला सान्जो आणि ताकासे कालव्याकाठच्या कियामाची रस्त्याचा परिसर केव्हाही बरा वाटतो. गिओन ही मुळात चहागृहांची वस्ती. पर्यटकांच्या त्रासाला कंटाळून तिथल्या रहिवाशांनी २०२४ पासून खासगी गल्ल्यांत बाहेरच्यांना मज्जाव केला आहे.

हॉटेलांवरून या शहरात भांडणंही झाली. १९९० च्या सुमारास मध्यवस्तीतलं एक जुनं हॉटेल पाडून ६० मीटर उंच इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा काही प्रमुख मंदिरांनी ‘या हॉटेलच्या पाहुण्यांना प्रवेश नाही’ अशा पाट्या लावल्या. इमारत तरी झालीच. पण २००७ मध्ये नगरपालिकेने मध्यवस्तीतली उंचीची मर्यादा ४५ वरून ३१ मीटरवर आणली, आतल्या भागात तर १५ वर. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. नदीकाठच्या खोलीतून पूर्वेचे डोंगर अजून दिसतात ते त्यामुळे.

माचियांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. दर्शनी बाजू अरुंद, आत लांबच लांब खोल्या, मध्ये हातभर अंगण, एका कडेने मागपर्यंत जाणारी मातीची बोळ आणि तिच्यातच चुली: अशी घरं राखणं महाग पडतं. पाहुण्यांसाठी दुरुस्त केल्याने काही वाचली, पण शेजाऱ्यांना रात्री-बेरात्री दगडी बोळांतून बॅगांच्या चाकांचा खडखडाट ऐकावा लागला. म्हणून २०१८ पासून केवळ निवासी भागांत बहुतेक घरगुती मुक्कामांना साधारण मध्य जानेवारी ते मध्य मार्च एवढीच मुभा आहे. त्यामुळे चेरीच्या मोसमात अशा वस्तीतलं स्वस्त घर मिळत असेल, तर पैसे भरण्याआधी त्याचा परवाना क्रमांक तपासावा.