खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी : प्रवाहाची मांडणी

सागरी मत्स्यटाकीत पाणी किती, कोणत्या दिशेने आणि कुठपर्यंत फिरावे हे ठरवून त्यानुसार पंप बसवणे म्हणजे प्रवाहाची मांडणी. गोड्या पाण्याच्या टाकीत फिल्टरमधून पडणारी धार बहुधा पुरते, खाऱ्या पाण्यात ती पुरत नाही. वाळूवरचे लाल शेवाळ, दिवसभर मिटून राहणारे प्रवाळ, सकाळी पृष्ठभागाशी धापा टाकणारे मासे अशा नवशिक्यांच्या बऱ्याच तक्रारींचा माग काढला, तर तो पंपाच्या चुकलेल्या जागेपर्यंत पोहोचतो.

प्रवाह कशासाठी

25° से. तापमानाला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे 8.2 मिग्रॅ. प्राणवायू विरघळतो. दर हजारी 35 भाग क्षार असलेल्या समुद्राच्या पाण्यात तो जेमतेम 6.7 मिग्रॅ. मावतो. हवेशी देवघेव होते ती पृष्ठभागावर, म्हणून तळाचे पाणी सतत वर आले पाहिजे. रात्री दिवे मालवले की शेवाळाकडून मिळणारा प्राणवायूही थांबतो. त्यामुळे मासे धापा टाकताना दिसतात ते बहुधा पहाटे.

प्रवाळ जागचे हलत नाहीत. अन्न आणणे आणि अंगावरचा चिकट स्राव व घाण वाहून नेणे ही त्यांची कामे पाणीच करते. प्रत्येक प्रवाळाच्या अंगालगत पाण्याचा एक पातळ थर चिकटून असतो. प्रवाह मंद असला की हा थर जाड होतो, आणि आतबाहेर होणारी वायू व क्षारांची ये-जा अडते. दगडांचेही तसेच आहे. टाकीतला अमोनिया संपवणारे जिवाणू दगडांच्या छिद्रांत राहतात, आणि जे पाणी त्या छिद्रांपर्यंत पोहोचते तेवढेच साफ होते.

आकडे आणि त्यांच्या मर्यादा

प्रवाह मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे टाकीतल्या पाण्याच्या कितीपट पाणी तासाभरात पंपांतून जाते ते पाहणे. फक्त मासे असलेल्या टाकीला 10 ते 15 पट चालते. झोअँथिड, मशरूम, लेदर यांसारख्या मऊ प्रवाळांना 15 ते 25 पट आणि मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळातला एकेक जीव) कठीण प्रवाळांना 20 ते 30 पट प्रवाह लागतो. ॲक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या प्रवाळांना 40 पट किंवा त्याहून अधिक हवा. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. हे आकडे टाक्या पाळणाऱ्यांच्या अनुभवातून आले आहेत. त्यांतून पाण्याचे परिमाण कळते, वाट कळत नाही. तासाला 4000 लिटरची बारीक धार एका प्रवाळाचे मांस सांगाड्यावरून सोलून काढू शकते, आणि त्याच वेळी दगडांमागचा कोपरा डबक्यासारखा साचलेला राहू शकतो.

कठीण प्रवाळांबाबत एक गोष्ट इथेच सांगायला हवी. 2001 पासून ते भारताच्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा कच्छच्या आखाताच्या किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलून आणणे हा गुन्हा आहे, मग तो तुकडा मेलेला का असेना. टाकीसाठी सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे कृत्रिम दगड घेऊन त्यांवर जिवाणू वाढू देणे हा सरळ मार्ग.

पंप दोन, कामे दोन

संप म्हणजे मुख्य टाकीखाली ठेवलेली, उपकरणांची दुसरी टाकी. रिटर्न पंप या संपमधले पाणी वर टाकीत चढवतो. त्याचे काम पाणी स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे उपकरण) आणि हीटरपर्यंत नेऊन आणण्याचे, त्यामुळे तासाला 4 ते 6 पट पुरे. याच पंपावर सगळा प्रवाह काढायला गेले की ओव्हरफ्लो (टाकीतले पाणी संपमध्ये उतरवणारी वाट) खळखळतो, संपमध्ये बारीक बुडबुडे उठतात आणि ते थेट टाकीत येतात. उरलेले काम वेव्हमेकरचे. आत पंखा असलेले हे पंप काचेला चुंबकाने चिकटतात आणि कमी विजेत रुंद, पसरट प्रवाह देतात. जुन्या पद्धतीच्या पॉवरहेडची धार अरुंद असते, म्हणून एखाद्या अडचणीच्या कोपऱ्यापुरताच तो वापरावा.

डेझर्ट कूलरचा पंप स्वस्त मिळतो म्हणून लावला जातो. तो खाऱ्या पाण्यासाठी बनवलेला नसतो. आतला धातूचा भाग गंजतो, आणि तांबे पाण्यात उतरले तर कोळंबी, गोगलगायी व प्रवाळ मरतात. घेताना दांडा सिरॅमिकचा आहे ना, एवढे तरी विचारावे.

उदाहरणादाखल 90 × 45 × 45 सेंमी. ची टाकी घेऊ. हिचे घनफळ 182 लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी सुमारे 150 लिटर. रिटर्नमधून 600 ते 900 लिटर हवे. खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. 2000 लिटर आणि कमाल उंची 2 मीटर असे लिहिलेला पंप 1.2 मीटर चढावर ढोबळमानाने 800 लिटरच देतो, आणि प्रत्येक एल्बो त्यातूनही थोडे खातो. खरे माप बादलीने घ्यावे. 10 लिटरची बादली रिटर्नच्या तोंडाशी धरून 40 सेकंदांत भरली, तर प्रवाह तासाला 900 लिटर. वेव्हमेकर 2000 लिटरचे दोन घ्यावेत. 4000 लिटरचा एक घेण्यापेक्षा ते बरे, कारण एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

बसवणे

पंपांआधी दगड. मागच्या काचेला लावून भिंतीसारखी रास रचली की तिच्यामागे घाण साठते आणि तिथे हात पोहोचत नाही. मागे 5 ते 8 सेंमी. जागा सोडावी आणि दगडांत कमानी, आरपार फटी ठेवाव्यात. पहिला वेव्हमेकर आखूड बाजूच्या काचेवर, पृष्ठभागापासून 7-8 सेंमी. खाली, किंचित वर तोंड करून लावावा. पाणी लांबीभर जाते, समोरच्या काचेवर आपटून खाली वळते आणि तळावरून परत येते. हा वळसा सगळ्या टाकीला हलवतो. दुसरा वेव्हमेकर समोरच्या बाजूला मागच्या कोपऱ्यात लावावा आणि दोघे आलटूनपालटून चालतील असे करावे. पृष्ठभाग चकाकत थरथरला पाहिजे. तो आरशासारखा स्थिर असेल किंवा त्यावर तेलकट साय दिसत असेल, तर पंपाचे तोंड आणखी वर करावे. पंप इतका वरही नको की भोवरा होऊन हवा ओढेल.

ही जुळवाजुळव पहिल्या 4 ते 6 आठवड्यांत, जिवाणू स्थिरावत असताना करावी. तेव्हा टाकीत सांभाळायला कोणी नसते. खाद्याची चिमूट सोडून ती कुठे अडकते ते पाहावे. जिथे ती पडून राहील तो मृत कोपरा. 1 मिमी. पेक्षा बारीक वाळू उडून ढीग होते आणि काचेचा तळ उघडा पडतो. 1 ते 2 मिमी. ची वाळू बरी.

वीज गेली की

रिटर्न पंप थांबताच टाकीतले पाणी त्याच नळीतून उलटे संपमध्ये उतरू लागते. आपल्या टाकीचा पृष्ठभाग 4050 चौ. सेंमी. आहे, म्हणजे 1 सेंमी. पातळी उतरली की 4 लिटर खाली गेले. नळीचे तोंड 4 सेंमी. बुडालेले असेल तर 16 लिटर, त्यात ओव्हरफ्लो आणि नळ्यांतले 3-4 लिटर धरा. 60 × 35 सेंमी. च्या संपमध्ये एवढे पाणी साडेनऊ सेंमी. चढते. संपमध्ये तेवढी जागा नसेल तर फरशीवर. उपाय सोपा आहे. पृष्ठभागाच्या लगेच खाली, नळीला 3-4 मिमी. चे छिद्र पाडावे. पातळी तिथवर आली की हवा आत शिरते आणि उलटा ओघ तुटतो. छिद्र शेवाळाने बुजते, म्हणून दर आठवड्याला काडी घालून पाहावे. चेक वाल्व्हवर (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेवर) विसंबू नये. त्यावर चुन्याचा थर चढला की तो नीट मिटत नाही. सगळे जोडून झाल्यावर प्लग मुद्दाम काढावा आणि संप काठोकाठ भरतो का ते बघावे.

लोडशेडिंगच्या भागात इन्व्हर्टरवर दिव्यांऐवजी एक वेव्हमेकर चालू ठेवावा. डीसी पंप असेल तर तो थोड्या वॉटमध्ये भागतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधे एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. तेही जमत नसेल तर बॅटरीवरचा एअरपंप. त्याचे बुडबुडे तळाचे पाणी वर ओढून आणतात, खरा उपयोग तोच. प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता झोलाच्या टोकावरून ठिबकेल. 30 मिलिॲम्पिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवणे ऐच्छिक समजू नये.

काय बिघडते

वाळूवर लालसर, शेवटी चादरीसारखा उचलला जाणारा थर, म्हणजे सुरुवातीला म्हटलेले लाल शेवाळ, हे खरे तर सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू. पाणी मंद असते तिथे तो आधी धरतो. नळीने ओढून काढावा आणि प्रवाह तिकडे वळवावा. मात्र जास्तीचे खाद्य आणि फॉस्फेट हेही कारण असते, तेव्हा नुसता पंप हलवून तो कायमचा जाईलच असे नाही. प्रवाळाची एकच बाजू आक्रसलेली असेल तर धार थेट त्या बाजूवर पडते आहे. लेदर प्रवाळ अधूनमधून मेणासारखी कात टाकतो. तेव्हा त्याला जरा जोराचा प्रवाह लागतो, नाहीतर कात अंगावरच सडते. समुद्रफूल ऊर्फ ॲनिमोन जागा पसंत नसली की चालू लागते आणि रात्रीत पंख्यात जाते. चिंध्या झालेले ॲनिमोन अख्ख्या टाकीचे पाणी नासवते, म्हणून पंपावर जाळी किंवा स्पंजचे आवरण असल्याशिवाय ते आणू नये.

खाद्य देताना 10 मिनिटे वेव्हमेकर थांबवणे ठीक. पण तो पुन्हा सुरू करायचे राहून जाणे ही नेहमीची चूक, म्हणून फीड बटण असलेला कंट्रोलर किंवा टायमर घ्यावा.

प्रवाह हळूहळू घटतो, त्यामुळे लक्षात येत नाही. पंख्यावर चुना आणि गुलाबी कोरलाइन शेवाळ चढते. दर 3 महिन्यांनी पंप काढून पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात तासभर बुडवून चालवावा. व्हिनेगर नसेल तर 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व. नंतर पंखा उपसून जुन्या टूथब्रशने दांडा आणि त्याची खाच घासावी, साध्या पाण्याने खळखळून धुवावे. संपच्या तोंडाशी 200 मायक्रॉनची गाळणपिशवी असेल तर ती 3-4 दिवसांनी बदलावी. दोन्ही वेव्हमेकर एकाच दिवशी काढू नयेत.