सोलापूरचा भुईकोट किल्ला व हुतात्मा बाग

सोलापूर शहराच्या मध्यभागी, सिद्धेश्वर तलावाकाठी असलेला मध्ययुगीन भुईकोट आणि त्याच्या तटालगतची सार्वजनिक बाग. सपाट मुलखात डोंगराची किंवा सागराची नैसर्गिक आड नसल्याने या कोटाची सारी भिस्त दुहेरी तट आणि पाणी यांवर होती. आकार अनियमित लांबट चौकोनी. एकोणिसाव्या शतकातील जिल्हा गॅझेटियरनुसार तो सुमारे 230 यार्ड लांब व 176 यार्ड रुंद असून खंदकाची रुंदी 100 ते 150 फूट होती. खंदक तीनच बाजूंना आहे. पूर्वेला तलाव थेट तटाला भिडत असल्याने तिकडे तो खणण्याची गरज पडली नाही.

किल्ला कोणी बांधला याविषयी एकमत नाही. स्थानिक परंपरा त्याचे श्रेय बहमनींना देते आणि बाहेरचा तट चौदाव्या शतकातला मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे. आतला तट व काही बुरूज आदिलशाही काळातले, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांतले असावेत. दोन्ही तट एकाच वेळी उभे राहिले असे मानण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने झालेल्या कामाचा तर्क अधिक पटतो. तलाव मात्र याहून जुना. तो बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी खोदविला अशी श्रद्धा आहे. किल्ल्याच्या आवारात उघडकीस आलेले मंदिराचे अवशेष कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचे मानले जातात. तटात बसवलेले कोरीव दगडही पाहण्यासारखे आहेत. नक्षीचा एखादा तुकडा साध्या चिऱ्यांच्या रांगेत अचानक दिसतो. म्हणजे खंदकाचे काम वाचावे म्हणून कोट तलावाकाठी आला, की वस्ती आणि देवस्थान आधीच तेथे असल्याने? दुसरे कारण अधिक सबळ वाटते. पहिल्याचा फायदा बांधणाऱ्यांनी अर्थातच करून घेतला.

सोलापूर हे आदिलशाही व निजामशाही यांच्यातील वैराचे एक कायमचे कारण होते. सुमारे 1524 मध्ये इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचा विवाह बुऱ्हाण निजामशहाशी झाला, तेव्हा सोलापूर आंदण देण्याचे ठरले होते असा अहमदनगरचा दावा होता. विजापूरने किल्ला दिला नाही, आणि त्यावरून पुढे अनेक लढाया झाल्या. हा वृत्तांत मुख्यतः इतिहासकार फिरिश्ताकडून आला आहे; तो स्वतः विजापूर दरबारी होता हे ध्यानात ठेवून तो वाचावा. तालिकोटच्या लढाईच्या (1565) आधी अहमदनगरच्या चांदबिबीचा अली आदिलशहाशी विवाह झाला, त्या वेळी मधल्या लढायांत अहमदनगरकडे गेलेला हा किल्ला आंदण म्हणून परत विजापूरकडे आला. 1668 मध्ये तो मोगलांकडे आला. पुढे तो पेशव्यांकडे असताना मे 1818 मध्ये इंग्रजांच्या जनरल मन्रोने शहरावर हल्ला केला. पेशव्यांच्या बाजूने गणपतराव पानसे होते. पेठ पडल्यावर काही दिवसांतच किल्ल्यानेही शरणागती पत्करली.

बागेचे नाव अलीकडच्या इतिहासातून आले आहे. 1930 च्या मे महिन्यात इंग्रजांविरुद्धच्या उठावानंतर सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्या प्रकरणी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. सोलापूरकर त्यांना 'चार हुतात्मे' म्हणून ओळखतात.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. पूर्वेच्या तटावरून तलाव व पाण्याने वेढलेले सिद्धेश्वर मंदिर एका नजरेत येते. किल्ल्याची मांडणी समजून घ्यायला हीच जागा सर्वांत सोयीची. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा शेजारच्या होम मैदानावर पाऊल ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत किल्ला पाहायचा असेल तर सकाळची वेळ बरी.