प्रौढ दिव्यांगांचं सामूहिक घर पुण्यात सुरू करायचंय? परवानग्या आणि कागदपत्रं

बंगला नंतर बघा. आधी तिथे राहणार कोण, ते पक्कं करा, कारण कोणत्या दारात अर्ज घेऊन जायचं हे त्यावरूनच ठरतं. अठरा वर्षांखालची निराधार मुलं असतील तर बाल न्याय अधिनियम 2015, कलम 41. मानसिक आजारातून सावरणाऱ्यांना ठेवून घेणार असाल तर 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांसाठी दिव्यांग हक्क कायदा 2016. ‘सगळ्यांनाच घेऊ’ म्हणणाऱ्या संस्था इथेच अडकतात.

पुढची माहिती या तिसऱ्या प्रकाराची. ‘आमच्यानंतर कोण?’ या काळजीपोटी चार-पाच पालक एकत्र येतात, तेव्हा बहुतेक वेळा असंच घर हवं असतं.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 50 नुसार नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवता येत नाही. दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, चर्च रस्त्यावर आहे, हे आपलं नशीब. अर्ज आल्यापासून 90 दिवसांत निर्णय व्हावा, असं कायदा सांगतो. नकार द्यायचा तर आधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, कारणं लेखी द्यावी लागतात आणि त्यावर अपील करता येतं. म्हणून अर्जाची पोच तारखेच्या शिक्क्यासह घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ यावर परत येऊ नका.

अर्जासोबत लागतील अशी कागदपत्रं आधीच जमवा: ट्रस्ट किंवा सोसायटीचं नोंदणीपत्र, घटना, विश्वस्तांचा ठराव, लेखापरीक्षण अहवाल, कर्मचाऱ्यांची पात्रता (विशेष शिक्षक असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी) आणि जागेचे कागद.

खरी डोकेदुखी जागेचीच. भाड्याची असेल तर लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्रात 11 महिन्यांच्या करारालाही यातून सूट नाही. अशा घरासाठी 11 महिन्यांचा करार करूच नये, असं माझं मत. दर वर्षी घर बदलणं इथे राहणाऱ्यांना झेपत नाही. करारात वापराचा रकाना येतो तिथे ‘निवासी’ एवढंच लिहून गप्प बसू नका. दिव्यांग व्यक्तींचं निवासगृह, काळजीवाहकांसह, असं स्पष्ट लिहा.

भोगवटा पत्र आणि मंजूर नकाशाची प्रत मालकाकडून मागून घ्या. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा 1966 प्रमाणे जागेच्या वापरात ठळक बदल करणं म्हणजेही ‘विकास’, आणि त्याला महापालिकेची परवानगी लागते. निवासी विभागात कुठला वापर चालतो, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरही अवलंबून असतं. परवानाधारक आर्किटेक्टला नकाशा दाखवा आणि बांधकाम विभागाचं उत्तर लेखी घ्या. इमारतीत आगप्रतिबंधक यंत्रणा असेल तर ती चालू स्थितीत असल्याचं, जानेवारी आणि जुलैत दिलं जाणारं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्रही बघा.

शेजाऱ्यांचं काय? दिव्यांग हक्क कायद्याच्या नोंदणीच्या कलमांत त्यांच्या सह्यांची अट नाही. उलट कलम 5 दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क देतं. पण गृहनिर्माण संस्थेचे उपविधी असतात आणि प्लॉटच्या जुन्या संस्थांमध्ये भाडेपट्ट्यात वापराची अट असते. ती वाचल्याशिवाय अनामत देऊ नका. ना-हरकत तोंडी मिळाली तर समितीच्या इतिवृत्तात नोंद करून घ्या. अध्यक्ष बदलला की तोंडी शब्दही बदलतो. बैठकीत प्रश्न येतात ते पार्किंगचे, रात्रीच्या आवाजाचे, ‘मुलं बाहेर निघून गेली तर?’ याचे. रात्री ड्युटीवर कोण, फाटकाला कडी कुठली, हे सांगता आलं तर अर्धा विरोध तिथेच मावळतो.

राहणाऱ्या प्रत्येकाची वेगळी फाईल ठेवा. त्यात युडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र), औषधांची चिठ्ठी आणि कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र हवं. अठरा पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर राष्ट्रीय न्यास कायदा 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. याच न्यासाची प्रौढांच्या सामूहिक घरांसाठी ‘घरौंदा’ योजना होती; ती आता ‘समर्थ-कम-घरौंदा’ या निवासी योजनेत आहे. त्यासाठी संस्थेची न्यासाकडे वेगळी नोंदणी लागते.

कलम 50 खालच्या नोंदणीचं नूतनीकरण मुदत संपण्याच्या किमान 60 दिवस आधी मागायचं असतं. ती तारीख ऑफिसच्या भिंतीवरच लिहून ठेवा.