गोळीला महिना, केटामाईनला काही तास: घोळ नेमका कुठे होतो

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांना गुण यायला काही आठवडे लागतात आणि केटामाईन या मुळात भुलीसाठी वापरल्या जाणाऱ्या औषधाने काही तासांत फरक पडतो, इतकं बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याचं कारण म्हणून जे सांगितलं जातं, ते वाचून मी थकलो आहे: 'गोळी मेंदूत हळूहळू साठते, केटामाईन थेट पोचतं.' हे साफ चूक आहे. पोचतात दोन्ही लवकरच.

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन वगैरे एसएसआरआय गोळ्या माहीत असतीलच. मेंदूतल्या पेशीने सोडलेलं सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन) परत आत ओढणारा पंप त्या अडवतात, तोही पहिल्या गोळीनंतर काही तासांतच. सेरोटोनिनची टाकी रिकामी झाली म्हणून नैराश्य येतं, ही लाडकी कल्पना इथेच कोसळते. तसं असतं तर त्याच संध्याकाळी बरं वाटायला हवं होतं. मधले आठवडे जातात ते मेंदूच्या जुळवून घेण्यात. आसपास सेरोटोनिन वाढलं की ते सोडणाऱ्या पेशी आधी हात आखडता घेतात. हा लगाम सैल व्हायला आणि पेशींमधल्या जोडण्या बदलायला वेळ लागतो. म्हणून दहाव्या दिवशी 'काही उपयोग नाही' म्हणत स्वतःहून गोळी बंद केलेली पाहिली की जीव तुटतो.

केटामाईनचं गणित बरोबर उलटं. रक्तातलं त्याचं प्रमाण दोन-तीन तासांत निम्म्यावर येतं. सलाईनमधून दिल्यावर तरंगल्यासारखं वाटतं, तेही तास-दोन तासांत ओसरतं. मन हलकं होणं मात्र त्यानंतरही वाढत जातं, साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत ठळक असतं आणि एका डोसवर काही दिवस टिकतं. म्हणजे गोळी घेणाऱ्याच्या अंगात औषध असतं पण गुण आलेला नसतो, आणि इथे औषध जवळपास निघून गेलेलं असतं तरी गुण असतो. 'नशेत कोणालाही बरं वाटेल' म्हणणाऱ्यांनी हे वेळापत्रक एकदा नीट पाहावं.

मग त्या थोड्या तासांत होतं काय? ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं निरोप्या रसायन. केटामाईन त्याचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे तो निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या जागा, अडवतं. सर्वाधिक मांडल्या जाणाऱ्या स्पष्टीकरणानुसार आधी अडवले जातात ते इतर पेशींना आवरून धरणाऱ्या पेशींवरचे. आवर सुटतो, कपाळामागच्या भागात ग्लुटामेट उसळतं, ते एएमपीए या आपल्याच दुसऱ्या प्रकारच्या रिसेप्टरना जागं करतं, बीडीएनएफ हे पेशींची वाढ करणारं प्रथिन सुटतं आणि नव्या जोडण्यांसाठी लागणारी प्रथिनं बनू लागतात. येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांमध्ये दाखवलं की एका डोसनंतर दिवसभरात अशा जोडण्या वाढतात. मला त्याहून मोलाचा वाटतो २०१९ चा प्रयोग. त्यात उंदरांची वागणूक आधी सुधारली, जोडण्या नंतर उगवल्या. आणि त्या नव्या जोडण्या मुद्दाम पुसल्यावर सुधारणा टिकली नाही. सुरुवात एका गोष्टीने होते आणि टिकाव दुसऱ्या गोष्टीवर ठरतो, हे यातून फार स्वच्छ दिसतं.

नुसता एनएमडीए अडवला की काम झालं, असंही नाही. स्मृतिभ्रंशावरचं मेमँटिन तोच रिसेप्टर अडवतं, पण नैराश्यावर त्याचा तसा गुण चाचण्यांत दिसला नाही. तेव्हा केटामाईनला 'स्ट्राँग एसएसआरआय' म्हणणं तर कृपा करून थांबवा.

एस्केटामाईन म्हणजे केटामाईनच्याच रेणूच्या दोन आरसा-रूपांपैकी एक. त्याच्या नाकातल्या स्प्रेला अमेरिकेत मार्च २०१९ मध्ये मान्यता मिळाली. तो दवाखान्यातच घ्यायचा आणि नंतर किमान दोन तास देखरेखीखाली थांबायचं. त्याच महिन्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मान्य झालेलं ब्रेक्सानोलोनही झटपट गुण देतं, पण ते गाबा या पेशींना शांत करणाऱ्या रसायनाच्या रिसेप्टरवर काम करतं. त्याला केटामाईनच्या पंगतीत बसवू नये.