खोक्यातले खेळणे आणि घरातले बोलणे

(आमच्या लाकडी खेळण्यांसोबत पालकांना दिले जाणारे माहितीपत्रक)

सावंतवाडीतील आमच्या छोट्या कारखान्यात लाकडाची रंगीत फळे, भाज्या, भातुकली आणि खुळखुळे तयार होतात. दुकानात येणारे आणि दूरध्वनीवरून मागणी नोंदवणारे पालक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : यातले कोणते खेळणे दिले म्हणजे मूल लवकर बोलू लागेल? याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की, असे कोणतेही खेळणे आमच्याकडे नाही आणि आमच्या समजुतीप्रमाणे ते कोणाकडेच नाही. मूल बोलायला शिकते ते त्याच्याशी बोलणाऱ्या माणसांमुळे. खेळणे ही त्या दोघांच्या मध्ये ठेवायची एक वस्तू असते. मात्र ती वस्तू मध्ये ठेवून काय करायचे, हे सांगणे विक्रेता म्हणून आम्हाला आमचे काम वाटते, आणि त्यासाठीच हे पत्रक खोक्यात ठेवले आहे.

ऐकणे आधी, बोलणे नंतर

मुलाची भाषा पहिल्या शब्दापासून सुरू होते असे आपण समजतो, परंतु तोपर्यंत त्याचे निम्मे काम झालेले असते. गर्भावस्थेच्या साधारण २४-२५ व्या आठवड्यापासून बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते. पोटातून त्याला शब्द स्पष्ट ऐकू येत नसले, तरी आईच्या बोलण्यातील चढउतार आणि लय त्याच्यापर्यंत पोहोचते. अमेरिकेतील अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली दाखवून दिले की, जन्मून दोन-तीन दिवसही न झालेली बाळे परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून आपली चोखण्याची पद्धत बदलतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात फ्रेंच आणि जर्मन घरांतील नवजात बाळांच्या रडण्याचे ध्वनिमुद्रण तपासले गेले, तेव्हा फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर शेवटाकडे चढणारा आणि जर्मन बाळांचा उतरणारा आढळला, म्हणजे ज्या भाषेत ती वाढणार होती तिची चाल त्यांच्या रडण्यातही उतरली होती.

मराठी माणसाला विशेष जवळचा वाटावा असा प्रयोग कॅनडात झाला. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील 'ट' आणि 'त' ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही, आणि मोठ्या इंग्रजी माणसाला तो सहसा ओळखू येत नाही. तरीही सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो नेमका कळला. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांमध्ये मात्र तो ओळखणारी फारच थोडी उरली होती. पहिल्या वर्षात बाळ सर्व भाषांचे कान घेऊन येते आणि वर्ष संपेपर्यंत ते कान घरातल्या भाषेसाठी घासूनपुसून तयार होतात, असा याचा अर्थ घेता येईल. आपल्या घरातील बाळ 'ट' आणि 'त', 'न' आणि 'ण', 'ल' आणि 'ळ' हे भेद याच काळात पक्के करते. इतकेच काय, 'चमचा' आणि 'चहा' यांतला 'च' आपण एकाच अक्षराने लिहितो, पण उच्चारतो दोन वेगळ्या तऱ्हांनी. हे कोणत्याही अंकलिपीत सांगितलेले नसते आणि आपल्यापैकी कोणाला ते शिकवलेले आठवतही नाही.

बोलण्यात शब्दांच्या मध्ये जागा सोडलेली नसते, ही अडचणही बाळालाच सोडवावी लागते. १९९६ साली जेनी सॅफ्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना अर्थहीन अक्षरांची सलग धार केवळ दोन मिनिटे ऐकवली, आणि कोणती अक्षरे नेहमी एकापाठोपाठ येतात एवढ्यावरून बाळांनी त्यातले 'शब्द' वेगळे काढले. पाळण्यातले बाळ आढ्याकडे पाहत नुसते पडून आहे असे वाटत असताना ते हा हिशेब करत असते, हे लक्षात घेतले तर त्याच्याशी बोलणे म्हणजे भिंतीशी बोलणे, असे पुन्हा कोणी म्हणणार नाही.

माणूस समोर असावा लागतो

नुसते कानावर पडणे मात्र पुरत नाही. अमेरिकेतील सिएटल येथे पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती बसून गोष्टी सांगत आणि खेळणी दाखवत असे. काहींना तीच व्यक्ती, तेच साहित्य पडद्यावर दाखवले गेले. बारा बैठकांनंतर पहिल्या गटातील बाळांना चिनी ध्वनींतील भेद ओळखू येऊ लागले, पडद्यासमोरच्या बाळांना मात्र त्यातले काहीच मिळाले नाही. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला.

माणूस जे करतो आणि पडदा जे करू शकत नाही, ते म्हणजे वेळेवर उत्तर देणे. बाळ 'बाबाबा' किंवा 'ददद' असे काही म्हणते, त्याच क्षणी आई वळून हसते, जवळ सरकते, 'हो का? मग?' असे विचारते. अशा वेळेवर मिळालेल्या प्रतिसादाने आठ महिन्यांच्या बाळांचे बडबडणे अधिक सुस्पष्ट झाल्याचे प्रयोगात दिसले आहे. तेवढेच हसणे आणि जवळ घेणे बाळाच्या आवाजाशी मेळ न ठेवता, भलत्या वेळी झाले, तेव्हा तसा बदल झाला नाही. किती बोललो यापेक्षा कोणत्या क्षणी बोललो, हे इथे महत्त्वाचे ठरते.

बटण दाबताच गाणारी, प्राण्यांची नावे सांगणारी खेळणी आम्ही का ठेवत नाही, असेही ग्राहक विचारतात. याचे खरे कारण आम्ही लाकूडकाम करणारे आहोत, हे आहे. मात्र त्याला जोड देणारा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दहा ते सोळा महिन्यांची २६ मुले आणि त्यांचे पालक यांना घरी तीन प्रकारचे साहित्य देण्यात आले : बोलणारी विजेरी खेळणी, साधी खेळणी आणि चित्रांची पुस्तके. विजेरी खेळण्यांशी खेळताना पालक मिनिटाला सुमारे ४० शब्द बोलले, साध्या खेळण्यांसोबत सुमारे ५६ आणि पुस्तकांसोबत सुमारे ६७. खेळणे बोलू लागले की पालक गप्प बसतात. या आकड्यांत आमच्या मालापेक्षा पुस्तक वरचढ ठरले आहे, हे ग्राहकांच्या लक्षात येईलच आणि ते लपवण्याचे आम्हाला कारण नाही. जाड पुठ्ठ्याचे एखादे चित्रांचे पुस्तक घरात जरूर असू द्यावे.

वांग्याकडे पाहणाऱ्या मुलाला वांगेच म्हणावे

साधारण नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान मूल बोट दाखवू लागते. आपण पाहतो ते दुसऱ्यानेही पाहावे ही इच्छा त्यामागे असते आणि पुढचे शब्द याच इच्छेच्या मागून येतात. मायकेल टॉमसेलो आणि मायकेल फरार यांनी १९८६ साली दाखवले की, मूल ज्या वस्तूकडे आधीच पाहत आहे तिचे नाव सांगितले तर ते त्याला चांगले लक्षात राहते, आणि त्याचे लक्ष एका वस्तूवरून ओढून दुसरीकडे नेऊन नाव सांगितले तर तितके राहत नाही.

आमच्या भाज्यांच्या संचाच्या बाबतीत सांगायचे, तर मूल वांग्याचे हिरवे देठ कुरवाळत असताना आपण लिंबू त्याच्या नाकासमोर नाचवून 'लिंबू म्हण, लिंबू' असा आग्रह धरला, तर दोघांचाही वेळ जातो. त्याऐवजी 'वांगं! जांभळं वांगं. आणि हे त्याचं देठ, हिरवं,' एवढे म्हणून क्षणभर थांबावे. ते थांबणेही बोलण्याइतकेच आवश्यक आहे, कारण तेवढ्या वेळात मूल आपली पाळी घेते, मग ती नुसत्या हुंकाराची का असेना. पाहुण्यांसमोर 'हे काय? आणि हे?' अशी परीक्षा घेण्याची आपल्याकडे मोठी हौस असते. त्याने फारसे नुकसान होते असे नाही, परंतु ज्याचे उत्तर विचारणाऱ्याला माहीत आहे असा प्रश्न म्हणजे संभाषण नव्हे, हे मुलालाही लवकरच समजते.

पहिले शब्द आणि त्यातल्या चुका

बहुतेक मुले वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द बोलतात. समजणारे शब्द त्याच्या आधीपासून आणि त्याहून पुष्कळ अधिक असतात. 'मम्मं', 'भू', 'भुर्र', 'जो जो' हे आपल्या घरांतले छोटे शब्द सोपे आणि पुन्हा पुन्हा येणारे असल्यामुळे मुलाच्या तोंडी सहज बसतात आणि ते वापरण्यात काहीही गैर नाही. लहान बाळाशी बोलताना आवाज आपोआप उंच आणि लांबट होतो, तोही बाळाला आवडतो आणि उपयोगी पडतो. मूल 'काका'ला 'ताता' किंवा 'रंग'ला 'लंग' म्हणते, तेव्हा मात्र आपण 'काका' आणि 'रंग' असेच म्हणत राहावे. जिभेला 'र', 'श', 'ळ' जमायला वेळ लागतो. कानाने ते कधीच ओळखलेले असतात, आणि आपण त्याची नक्कल करून 'ताता' म्हटले तर मूल कित्येकदा रागावते, ते याचमुळे.

दोन वर्षांच्या सुमारास 'बाबा गेला', 'अजून दूध' अशी दोन शब्दांची जोड सुरू होते आणि त्यानंतरच्या चुका आम्हाला सर्वांत रोचक वाटतात. 'बसलं', 'पडलं', 'उठलं' ऐकलेले मूल एके दिवशी 'केलं' न म्हणता 'मी करलं' म्हणते. 'करलं' हे रूप त्याने घरात कोणाकडूनही ऐकलेले नसते, म्हणजे ते नक्कल करत नाही, त्याने नियम शोधला आहे आणि तो नियम आपल्या भाषेने जिथे मोडला आहे तिथेही लावून पाहिला आहे. 'असं नाही म्हणायचं' असे टोकण्यापेक्षा 'हो, तू केलंस! एकट्याने केलंस?' असे उत्तर दिले, म्हणजे योग्य रूप कानावर पडते आणि गप्पाही थांबत नाहीत.

घरात दोन भाषा असतील तर

आमच्या परिसरात आजी मालवणी बोलते आणि आईवडील प्रमाण मराठीत बोलू पाहतात. गोव्याकडच्या घरांत कोकणी आणि मराठी, तर परदेशी राहणाऱ्या ग्राहकांकडे मराठी आणि इंग्रजी. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलेल या भीतीने काही घरांत आजीलाच गप्प केले जाते, याचे आम्हाला वाईट वाटते. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांचे टप्पे सर्वसाधारणपणे इतरांसारखेच असतात. एकाच भाषेतील शब्द मोजले तर ते कमी भरू शकतात, म्हणून दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हाही गोंधळ नव्हे. ज्या भाषेत त्या व्यक्तीला मुलाशी मोकळेपणाने, रागाने आणि लाडाने बोलता येते, ती भाषा तिने बोलावी. आजीने लाकडी फणस हातात देऊन मालवणीत सांगितलेली गोष्ट ही भाषेची उत्तम खुराक आहे.

पडद्याविषयी थोडक्यात : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांपर्यंत पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाहून अधिक वेळ नसावा. दूरच्या आजोबांशी व्हिडिओ कॉलवर बोलणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण पलीकडचा माणूस उत्तर देतो.

वाट पाहू नये अशा गोष्टी

प्रत्येक मुलाची गती वेगळी असते हे खरे, पण 'त्याचे बाबाही उशिराच बोलले' या वाक्याच्या आधाराने महिनेच्या महिने जाऊ देऊ नयेत. मोठ्या आवाजाने बाळ दचकत नसेल, वर्षाचे झाले तरी बडबडत नसेल किंवा बोट दाखवणे, टाटा करणे असे हावभाव करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द येत नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटावे; आणि येत असलेले शब्द कोणत्याही वयात मागे पडू लागले, तर त्याच आठवड्यात भेटावे.

यात पहिली तपासणी कानांची असावी. टाळीच्या आवाजाला मूल वळते म्हणजे त्याला सर्व ऐकू येते असे नाही, कारण काही सूर ऐकू येऊन काही निसटतात, आणि टाळीमागची हाताची हालचालही त्याला दिसत असते. नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, दोष आढळल्यास निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या मुलांची भाषा नंतर निदान झालेल्यांपेक्षा चांगली विकसित झाल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात दिसले. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, जो २०१३ पासून सुरू आहे, श्रवणदोष आणि बोलण्यातील विलंब यांची तपासणी समाविष्ट आहे. त्यासाठी अंगणवाडीत किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करावी. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच विषयासाठी आहे. कोणते खेळणे घ्यावे हे विचारायला ग्राहकांनी आम्हाला अवश्य फोन करावा, परंतु वरीलपैकी काही आढळत असेल, तर तो फोन कानांच्या तपासणीनंतर करावा.