स्टेनलेस स्टीलची तारजाळी : औद्योगिक वापरासाठी निवड

न गंजणाऱ्या पोलादाच्या तारा कापडासारख्या उभ्या-आडव्या विणून केलेली जाळी. मागावरचेच शब्द तिला लागू पडतात: लांबीच्या दिशेने ताणलेल्या तारा म्हणजे ताणा, त्यांना आडव्या जाणाऱ्या तारा म्हणजे बाणा. भुकटी चाळणे, द्रव गाळणे, यंत्राचे फिरते भाग झाकणे अशी तिची कामे आहेत.

जाळी बहुधा ‘मेश’च्या आकड्याने मागवली जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. मेश म्हणजे एका इंचात (२५.४ मिमी) बसणाऱ्या छिद्रांची संख्या. त्या इंचात तारांचीही जागा असते, त्यामुळे छिद्र केवढे आहे हे नुसत्या मेशवरून कळत नाही. १० मेशच्या जाळीत लगतच्या दोन तारांच्या मध्यांतले अंतर २.५४ मिमी असते. तार ०.५ मिमीची घेतली तर छिद्र २.०४ मिमीचे होते आणि जाळीचा ६४.५ टक्के भाग उघडा राहतो. तार ०.९ मिमीची घेतली तर छिद्र १.६४ मिमीवर येते आणि उघडा भाग जेमतेम ४२ टक्के उरतो. दोन्ही जाळ्या १० मेशच्याच! म्हणून मागणीपत्रात छिद्राचे माप आणि तारेचा व्यास लिहावा; मेश नाही लिहिला तरी चालेल.

जाड तार मार आणि झीज सोसते, पण चाळण्याचा वेग कमी करते. बारीक तारेची जाळी भरभर चाळते आणि लवकर फाटते. बारीक जाळीखाली आधाराला भरड जाळी ताणून बसवणे हा यावरचा नेहमीचा तोडगा. जवळपास छिद्राएवढेच कण मालात बरेच असले, तर ते छिद्रांत अडकून जाळी बुजते.

साध्या विणीत बाण्याची तार ताण्याच्या एका तारेवरून व पुढच्या तारेखालून जाते. ट्विल विणीत ती दोन तारांवरून व दोन तारांखालून जाते, त्यामुळे बारीक छिद्रांतही तुलनेने जाड तार बसते. डच विणीत ताणा जाड आणि बाणा बारीक असून बाण्याच्या तारा एकमेकींना चिकटेपर्यंत ठोकलेल्या असतात. तिला आरपार सरळ छिद्र नसते. द्रव तिरक्या वाटेने जातो. ती दाबाखाली गाळण्यासाठी चांगली, कोरडा माल चाळण्यासाठी नाही. खडीसारख्या जड मालासाठी तारांना आधी वळ्या पाडून विणलेली जाळी वापरतात, कारण वळ्यांमुळे तारा सरकत नाहीत. आवरण किंवा कुंपण एवढेच काम असेल, तर सांधे जोडलेली वेल्डेड जाळी पुरते.

पोलादाच्या ग्रेडपैकी (आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या प्रकारांपैकी) ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते आणि बहुतेक कामे त्यावर भागतात. मीठ, समुद्राचे पाणी किंवा क्लोराइडयुक्त रसायने असतील तर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ घ्यावे. साचलेल्या कोमट खाऱ्या पाण्यात मात्र तेही खड्डे पडून खराब होऊ शकते. वेल्डिंग करायचे असल्यास कमी कार्बनचे ३१६एल बरे. भट्टीच्या उष्णतेसाठी ३१० घ्यावे. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसते; ते स्वस्त पडते आणि गंजालाही लवकर बळी पडते.

कोणत्या द्रवात धातू वर्षाला किती झिजतो हे सांगणारे गंजाचे तक्ते वाचताना तारेचा व्यास पुन्हा आडवा येतो. वर्षाला ०.१ मिमी झीज टाकीच्या जाड पत्र्याला चालून जाते. पण २०० मेशच्या जाळीची तार साधारण ०.०५ मिमीची असते आणि ती सर्व बाजूंनी झिजते. त्याच द्रवात ती काही महिन्यांत नाहीशी होईल. शिवाय तारा जिथे एकमेकींवरून जातात तिथल्या फटींत द्रव साचून राहतो, आणि गंज बहुधा तिथेच धरतो.

लोहचुंबक लावून, ओढले गेले नाही तर ३०४ असे मानून, ग्रेड ओळखण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती भरवशाची नाही. थंड स्थितीत ओढून बारीक केलेली ३०४ ची अस्सल तारही चुंबकाला थोडी ओढली जाते. उलट मँगनीजयुक्त २०० मालिकेचे स्वस्त पोलाद बहुधा ओढले जात नाही. खात्री हवी असेल तर रासायनिक घटकांचे प्रमाणपत्र मागावे.